आडातल्या जनावराचा शेवट

धुळा पिक्चरमधलं जनावर झाला तो काही हौसेनं नव्हे. त्या उन्हाळ्यात त्याला दुसरं कामच नव्हतं.

साल त्र्याण्णव असेल. आदल्या दिवाळीनंतर घरची माणसं नेहमीसारखी मेंढरं घेऊन वर गेली होती, शिरवळ-खंडाळ्याच्या अंगाला. थोरला भाऊ जोतीराम, वहिनी आणि आई रंगुबाई. निघायच्या तोंडावर धुळाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, पाय पिकला आणि तो मागं राहिला. पाय बरा झाला, तोवर चैत्र उलटून गेला होता. आता आषाढापर्यंत माणसं परत येतीलच, म्हणून तो हिंगणवाडीतच थांबला. आटपाडीच्या पुढं, माळावर वसलेली ही वाडी. उन्हाळ्यात तिथं माणूस कमी आणि वावटळी जास्त.

अशा वाडीत एका सकाळी सांगलीहून एक जीप आली. तिच्यातून अवधूत उतरला. सांगलीत तो लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा. पण नवरानवरीच्या गळ्यात हार पडताना बघून बघून त्याचा जीव विटला होता. त्याला पिक्चर काढायचा होता. भुताचे पिक्चर सगळेच काढतात, आपण जनावराचा काढू, असं त्यानं ठरवलं होतं. गावाबाहेरच्या कोरड्या आडात एक केसाळ जनावर राहतं, संध्याकाळी बाहेर पडतं, शेळ्या उचलतं, माणसांना भेवडावतं, आणि शेवटी गाव एक होऊन त्याला काठ्यांनी हाणत परत आडात लोटतं. एवढीच गोष्ट. नाव, ‘आडातलं जनावर’.

जनावर व्हायला मिरजेच्या तालमीतला एक पैलवान आणला होता. पोत्यांचा अंगरखा शिवून त्यावर शेळीचे केस डिंकानं चिकटवलेले, डोळ्यांच्या जागी सायकलचे लाल रिफ्लेक्टर, दात थर्माकोलचे. वैशाखातल्या उन्हात पैलवान त्यात शिरला आणि घामोळ्यांनी नुसता फुलला. दुसऱ्या दिवशी त्याला भोवळ आली. तिसऱ्या दिवशी तो कोणाला न सांगता एसटीत बसून निघून गेला.

अवधूत डोक्याला हात लावून आडाच्या कठड्यावर बसला. शूटिंग बघायला जमलेल्या चार माणसांत धुळा होता. उन्हातान्हात खांद्यावर घोंगडं घेऊन हिंडलेला माणूस. तो म्हणाला, “दादा, म्या शिरू का त्यात?”

अवधूतनं त्याला खालून वर न्याहाळलं.

“न्हाई, मला चालतंय. आमाला सवय हाय केसाची.”

तेवढ्यावर धुळा जनावर झाला.

पुढचे काही दिवस त्याच्या आयुष्यात परत आले नाहीत. पोत्याच्या आत अंधार असायचा, डिंकाचा आणि बोकडाचा वास असायचा, घाम गुडघ्यापर्यंत निथळायचा. पण बाहेरून अवधूतचा आवाज यायचा, “वा धुळा! असंच! आता मान हळू वळव!” आजवर धुळाला कोणी वा म्हटलं नव्हतं. मेंढरं तर कधीच म्हणत नाहीत. माळावर लहानपणी बघितलेलं तरस त्याला आठवत होतं. मागचं अंग खाली टाकून, जरा लाजल्यासारखं चालायचं ते. तो तसंच चालला. ओरडताना मेंढरं वळवायची हाळी घशातल्या घशात दाबून काढली. वाडीतली माणसंही पिक्चरमध्ये होतीच. पिक्चरमधल्या पाटलाचं काम तात्याबाकडं होतं. तात्याबा तसा मवाळ माणूस, भजनात टाळ धरणारा. पण हातात काठी आणि समोर कॅमेरा आल्यावर त्याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. शेवटच्या मारामारीत त्यानं धुळाच्या पाठीत दोनतीन टोले खरेच हाणले. धुळा कोलमडला, त्यानं डावा हात तोंडावर आडवा धरला. अवधूतनं कॅमेरा थांबवला नाही. नंतर त्यानं धुळाची पाठ चोळून दिली, हळद लावली आणि म्हणाला, “हा शॉट बघून लोकांच्या अंगावर काटा येईल बघ.”

आषाढात घरची माणसं परत आली. धुळानं आईला सांगितलं, “सांगलीची माणसं आलती. त्यांच्या पिक्चरमधी काम केलं.” रंगुबाईला वाटलं, पोरानं सामान उचललं असेल. ती म्हणाली, “ब्येस केलंस,” आणि लोकर निवडायला बसली.

श्रावणात सांगलीहून निरोप आला, पिक्चर तयार आहे, बघायला ये. धुळा स्वच्छ धोतर नेसून आणि नवा फेटा बांधून एसटीनं गेला. गावभागातल्या एका मंगल कार्यालयात दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. अवधूतच्या प्रमोदिनीआत्यांनी सगळी जमवाजमव केली होती. नातेवाईक, शेजारीपाजारी, महिला मंडळाच्या बायका, एका पेपरचा माणूस. धुळा अगदी मागच्या रांगेत बसला.

जनावर पहिल्यांदा आडातून वर आलं आणि कोणीतरी फिस्सकन हसलं.

“अहो, हे अस्वल आहे की माकड?”

“गोणपाट आहे, गोणपाट! शिवण दिसतेय बघा काखेत.”

मग हसू थांबेना. आडाच्या कठड्यावर उभं राहून जनावर गावाकडं बघत होतं, आणि बघता बघता त्यानं एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवली. ते धुळाकडून नकळत झालं होतं. डिंकानं अंग खाजत होतं, आणि उभ्या उभ्या पायानं पाय खाजवायची त्याची जुनी खोड. अवधूतच्याही नजरेतून ते सुटलं होतं. पण मंगल कार्यालयात त्यावर असा काही हशा पिकला, की पुढची वाक्यं ऐकूच आली नाहीत.

चहाच्या वेळी सगळ्यांनी मतं दिली. अवधूतचा चुलतभाऊ शौनक म्हणाला, “भीती राहू दे रे, मला तर त्याला ग्लासभर ताक द्यावंसं वाटलं.” कोणी म्हणालं, संगीतानं डोकं उठलं. कोणी म्हणालं, सायकलचा मागचा मडगार्ड काढून ठेवला की काय, डोळे अगदी तसेच दिसतात. प्रमोदिनीआत्या म्हणाल्या, “प्रयत्न चांगला आहे हो,” आणि अवधूतचा चेहरा सगळ्यात जास्त पडला तो या वाक्यानं.

जनावराच्या आत कोण होतं, हे कोणी विचारलं नाही. अवधूतनंही सांगितलं नाही. त्याची स्वतःचीच लपायची वेळ आली होती. धुळा कपबशी हातात घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला, चहा संपवला, आणि अवधूतला लांबूनच हात करून स्टँडची वाट धरली. एसटीत त्याला राग आला नव्हता. फक्त त्या दिवसांतलं ते “वा धुळा” आता खरं होतं की खोटं, एवढंच कळेना.

पेपरात चार ओळी आल्या. ‘जनावराची भीती वाटण्याऐवजी कीव येते, हा दिग्दर्शनातला मोठाच दोष म्हणावा लागेल.’

त्यानंतर अवधूतनं पिक्चरचं नाव काढलं नसतं. पण रहिमतपूरचे लालासाहेब त्याच्याकडं आले. लालासाहेबांकडं एक टेम्पो होता आणि मोठ्या पडद्यावर व्हिडिओ दाखवायचं मशीन होतं. गणपतीत आणि जत्रांत ते गावोगाव पिक्चर दाखवत. त्यांनी कॅसेट मागून घेतली, वर जनावराचा अंगरखाही मागितला. तो पेंढा भरून त्यांनी टेम्पोच्या टपावर बसवला आणि निघाले.

दसऱ्यानंतर हिंगणवाडीत बिरोबाची जत्रा भरली, तेव्हा तो टेम्पो वाडीत आला. पडद्याचे बांबू पुरायला धुळा मदतीला गेला. लालासाहेब गप्पिष्ट माणूस. पानाचा तोबरा सांभाळत त्यांनी गावोगावची हकीकत सांगितली.

“आमच्या रहिमतपुरात बाजारपेठेतली मंडळी म्हणाली, गाणं न्हाई, लावणी न्हाई, मग ह्यो पिक्चर कशाला म्हनायचा? शिरवळला कंपनीतली पोरं. जनावर आलं की शिट्ट्या आन् ओरडा, ‘सुपरवायझर आला, सुपरवायझर आला!’ आन् खंडाळ्यात तर गंमतच. एक म्हातारी उठली आन् मला इचारतीया, ‘आवं, ह्ये नर हाय का मादी? मादी आसंल तर पिल्लं कुठायत तिची?’ आता म्या काय सांगू, गड्या?”

“भ्याली का न्हाई कुनी?” धुळानं विचारलं.

लालासाहेबांनी पानाची पिंक टाकली. “भ्यालं असं कुनी न्हाई. पर उठून बी कुनी गेलं न्हाई.”

अवधूतही त्या दिवशी वाडीत आला होता. दुसऱ्या दिवशी आटपाडीत साखरपुड्याचं शूटिंग होतं म्हणून कॅमेरा सोबत होता, आणि तात्याबानं आग्रहाचा निरोप धाडला होता. धुळाला बघून तो पुढं आला आणि खाली बघत म्हणाला, “सांगलीत तुझी ओळख करून द्यायला हवी होती रे. चुकलंच माझं.”

“असूंद्या दादा,” धुळा म्हणाला. “च्या चांगला हुता.”

दिवेलागण झाली तसा लिंबाच्या झाडाला आणि शाळेच्या भिंतीला पडदा ताणला. दिवसभर ढोल वाजवून हात दुखलेले गडी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळी वाडी खाली बसली. पुढंच, पदर डोक्यावर घेऊन, रंगुबाई.

पिक्चर सुरू झाला आणि वाडीला भ्यायला सवडच मिळाली नाही. “ही आमची शेळी!” “आरं, ह्यो तर नानासोचा गोठा!” “तात्याबाचा फेटा बघा की!” पडद्यावर स्वतःचं घर दिसलं की बायका तोंडाला पदर लावत. तात्याबा मिशीवर हात फिरवत बसला होता.

मग जनावर आडातून वर आलं. कठड्यावर उभं राहिलं. गावाकडं बघत एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवली.

रंगुबाई पुढं वाकली. मग शेजारी बसलेल्या सुनेला हळूच म्हणाली, “ह्यो धुळा हाय.”

“आवं आत्या, काय तरीच.”

“माझा धुळा हाय ह्यो. पाय बघ त्येचा.”

पडद्यावर जनावर शेळी घेऊन पळालं, परत आलं, गावच्या हौदाशी गेलं आणि तिथं पाणी नव्हतं. अवधूतनं हे मुद्दाम लिहिलं नव्हतं. वैशाखात हौदाला पाणी नव्हतंच, म्हणून तसंच शूट केलं होतं. जनावरानं कोरड्या हौदात तोंड घातलं आणि मान वर केली. मग काठ्या घेऊन माणसं आली. पुढं तात्याबा. पहिला टोला बसला, दुसरा बसला, जनावर कोलमडलं आणि त्यानं डावा हात तोंडावर आडवा धरला.

रंगुबाई उठली. पडद्याच्या पुढं जाऊन उभी राहिली, आणि तिची काळी सावली त्या काठ्यांवर पडली.

“आवं भावजी! लेकरावर हात उचलतायसा व्हय माझ्या?”

लालासाहेबांनी घाबरून मशीन थांबवलं. पडद्यावर जनावर हात वर धरून तसंच थरथरत राहिलं.

“आवं वयनी,” तात्याबा अर्धवट उठत म्हणाला, “पिक्चर हाय त्यो. खोटं आसतंय सगळं.”

“खोटं आसंल, पर काठी तर खरी हाय न्हवं? लागलं न्हाई व्हय त्येला?”

तात्याबाचा मिशीवरचा हात खाली आला.

धुळा मशीनजवळून पुढं आला. इतकी माणसं एकदम त्याच्याकडं बघत होती, की पोत्यात असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. “न्हाई लागलं, आये,” तो म्हणाला. “तवाच बरं झालं.”

रंगुबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, जणू वळ अजून असेल. मग पडद्याकडं वळून विचारलं, “आन् फुडं काय हुतंय ह्येचं?”

अवधूत पुढं आला. “मावशी, पुढं त्याला आडात ढकलतात. मरतं ते.”

“का?”

अवधूतनं पडद्यावरच्या जनावराकडं बघितलं. सांगलीत एवढी मतं निघाली होती, हे कोणी विचारलं नव्हतं.

वाडीनंच मग तोंड उघडलं. “केलं काय त्येनं? दोन शेळ्या खाल्ल्या. त्या लांडगा बी खातोय.” “हौदावर पानी प्याया आलतं बिचारं.” “गावात पानी न्हाई ह्यो काय त्येचा दोष?” एक आजोबा म्हणाले, आडात राहणारं जनावर म्हणजे आडाची राखण, त्याला मारल्यावर आडाला पाणी कसं लागेल? नानासो म्हणाला, शेळी गेल्याचं दुःख ज्याचं त्याला, पण मारू नये. बोलणं वाढत गेलं. अवधूत मधोमध उभा राहून एकेकाकडं वळत होता. शेवटी तात्याबाच उठला आणि घसा साफ करून म्हणाला, “म्या बी मारलं नसतं. ह्यांनी सांगितलं म्हनून मारलं. शेवट बदला, सायेब.”

“असा कसा बदलणार?” अवधूत म्हणाला. “पिक्चर झालाय.”

“कॅमेरा हाय न्हवं संगं?”

लालासाहेब हसून म्हणाले, “जनावर बी हाय. टपावर बसलंय.”

सकाळी ऊन वर यायच्या आत शूटिंग झालं. आटपाडीचा साखरपुडा दुपारचा होता. पेंढा काढून अंगरखा झटकला, त्यात एक उंदराचं कुटुंब निघालं. धुळा आत शिरला. आता त्याला घामही आला नाही. आडात लोटलेलं जनावर परत वर चढतं, समोर माणसं काठ्या घेऊन उभी असतात, आणि एक म्हातारी त्यांच्यातून पुढं येऊन पाण्याची परात ठेवते. एवढंच ठरलं होतं. म्हातारी कोण, हे विचारायची गरज पडली नाही. रंगुबाईनं घरून स्वतःची परात आणली होती. “कॅमेऱ्याकडं बघू नका हं मावशी,” अवधूतनं बजावलं. ती म्हणाली, “मला काय करायचंय तुज्या कॅमेऱ्याकडं बघून?” परात ठेवून ती मागं सरली नाही. तिथंच उकिडवी बसली. जनावर पाणी प्यालं, उठलं आणि माळानं चालू लागलं. पुढं करायचं काय हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून धुळा चालतच राहिला, पार टेकाडाआड जाईपर्यंत. हाका मारून परत बोलवावं लागलं.

फक्त एक घोटाळा राहिला. बाकीचा पिक्चर वैशाखातला, उघडाबोडका, आणि शेवट दसऱ्यानंतरचा. मार खाईपर्यंत माळ करपलेला असायचा, आणि परात ठेवली की एकदम हिरवा. अवधूतला ते फार खटकलं, पण इलाज नव्हता.

त्या मोसमात लालासाहेब नव्या कॅसेटसह परत त्याच गावांतून गेले. आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी त्या घोटाळ्याचा अर्थ लावला. जनावराला पाणी पाजलं म्हणून पाऊस झाला. शिरवळच्या पोरांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग शेवटाला टाळ्या. रहिमतपूरचे व्यापारी म्हणाले, गाणं अजून नाही, पण ठीक आहे. खंडाळ्याची ती म्हातारी म्हणे परत आली आणि परातीच्या सीनला मोठ्यानं म्हणाली, “आता कसं!” हे सगळं लालासाहेब हिंगणवाडीला आले की रंगवून सांगत. अवधूतलाही सांगत, आणि तो पुन्हा पुन्हा ऐके.

स्वतः रंगुबाईला तिचं मत विचारलं तर ती म्हणे, “पानी जरा लवकर ठेवाय पायजे हुतं.”

दोन-तीन वर्षं पिक्चर असा हिंडला. मग गावोगाव केबल आली, जत्रेत पडद्यापुढं माणसं बसेनाशी झाली, लालासाहेबांनी मशीन विकून टेम्पोतून ऊस वाहायला सुरुवात केली. अवधूत परत लग्नांकडं वळला. त्यानं दुसरा पिक्चर काढला नाही. पण त्याच्या दुकानाच्या भिंतीवर नवरानवरींच्या फोटोंत एका केसाळ जनावराचा फोटो होता, आणि कोणी विचारलं की धुळाचं नाव सांगायला तो विसरत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात, खंडाळ्याच्या पुढं एका शेतात खतासाठी मेंढरं बसवलेली असताना, रंगुबाई गेली. आजार नाही, काही नाही. सकाळी उठली नाही.

पुढच्या वर्षी कामाच्या निमित्तानं धुळा सांगलीला गेला. अवधूतच्या दुकानात डोकावला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. अवधूतनं त्याला बसवलं, चहा मागवला, आणि न विचारताच कपाटातून ती कॅसेट काढली. टेप जुनी झाली होती. चित्र मधूनच दुमडत होतं, रेघा पळत होत्या. अवधूतनं ती पळवत शेवटाला आणली.

धुळानं हा पिक्चर कितीदा तरी बघितला होता. पण जत्रेत तो पडद्याकडं कमी आणि माणसांकडंच जास्त बघायचा. कोण हसतंय, कोण गप बसलंय. आणि शूटिंगच्या वेळी तर पोत्याच्या भोकातून त्याला फक्त परात दिसली होती आणि परात धरलेले हात. आईचं तोंड त्यानं तेव्हा बघितलंच नव्हतं.

आता ते छोट्या टीव्हीवर होतं. ती परात ठेवते. उकिडवी बसते. जनावर पाणी पिताना ती अजिबात घाबरलेली नाही, आणि तिला दटावलं होतं तरी एकदा, अगदी एकदाच, ती कॅमेऱ्याकडं बघते आणि हसते.

जनावर टेकाडाआड गेलं. रेघा आल्या. अवधूतनं टेप थांबवली आणि विचारलं, “काय धुळा, कसा वाटला?”

“चांगला हाय,” धुळा म्हणाला. त्यानं फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं. “दादा, परत लावा की जरा.”

अवधूतनं टेप मागं घेतली.